ताणावर सोडलेली बाग

भास्क्या,

मेल्या, असं म्हणायला तोंड उघडलं आणि जीभ चावली. लहानपणापासून तुला हाक मारायची माझी हीच तऱ्हा. आई ओरडायची, ‘शांते, भावाला असं बोलू नये गं,’ आणि तू खुशाल ‘ओ’ द्यायचास. आता खरंच गेलास, तर तुला हाक मारायला माझ्याकडे दुसरा शब्दच नाही. इतक्या वर्षांत राजा, सोन्या असलं काही म्हणून ठेवलं असतं तर आज कामाला आलं असतं.

उद्या बागेत जेसीबी येतोय. लिंबाची सगळी बाग काढायची ठरली. तुझ्या शाळेच्या मंडळींनी तुझ्यावर चार शब्द लिहून मागितलेत. भूगोलाचे सर किती विद्यार्थिप्रिय होते, फळा किती सुंदर लिहायचे, हे लिहायला त्यांच्याकडे माणसं पुष्कळ आहेत. मी थोरली बहीण. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि बाग उभी आहे तोवर भांडायचंय. ती गेली की कशावरून भांडू?

तुझं ते समुद्राचं वेड सुरू झालं ती सुट्टी मला आठवते. नवा नवा मास्तर झाला होतास. वर्गात पोरांना समुद्रप्रवाह कळेनात म्हणून घरी प्रयोग मांडलास. आईची भाकरीची परात काठोकाठ भरली, त्यात चिमूटभर हळद टाकलीस आणि चुलीची फुंकणी घेऊन एका बाजूने फुंकत बसलास. हळद सरळ पलीकडच्या काठाला गेली, तिथं अडली, दोन्ही अंगांनी वळली आणि कडेकडेने माघारी आली. ‘बघ आक्का, वारा ढकलतो, किनारा आडवतो, मग पानी वळून माघारी येतं. समिंदरात नद्या हायेत, नद्या!’ मी म्हटलं, बरं. तेवढ्यावर थांबशील तर तू कसला! परात उचलून जात्यावर ठेवलीस, मला म्हणालास, तू हळूहळू फिरव, मी फुंकतो. आता हळदीची रेघ सरळ जाईना, वाकडी व्हायला लागली. तू नाचायचा बाकी राहिलास. ‘पृथ्वी फिरती म्हनून वाकडं जातंय! कळलं का?’ आई आली, तिनं तीच फुंकणी तुझ्या पाठीत घातली. त्यानंतरच्या दळणाचं पीठ पिवळं निघालं आणि त्या भाकरी आपण सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

मला तेव्हा काही फार कळलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण तुझा चेहरा बघून मी हो हो म्हणत राहिले. पुढं मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान वर्गांना शिकवलं. पण तुझ्यासारखं शिकवणं मला जमलं नाही. मी पाठ करून घ्यायचे. तू पोरांना खुळं करायचास.

नवरा गेल्यावर मी माहेरी आले तेव्हा सगळा गाव मला रडवायला येत होता. बाई यायची, गळ्यात पडायची, तिचं रडून झालं की डोळे पुसून चहा पिऊन जायची. तू कामावरून आलास, माझ्यासमोर बसलास. मला वाटलं आता हा पण सुरू करणार. तर म्हणालास, ‘आक्का, आपल्या हिरीत वरचं पानी गोड आन तळाचं मचूळ का, ठाव हाय का तुला?’ मी बघतच राहिले. ‘खारं पानी जड. गार पानी बी जड. जड पानी खाली बसतं. लांब ध्रुवाकडं समिंदराचं पानी गार हुतं, खारट हुतं, आन तळाला जातं. मग तिथनं सरकत सरकत सगळ्या जगाखालनं फिरतं. आज बुडालेलं पानी वर यायला शेकडो वर्सं लागत्यात.’ मी रडायचं विसरले. मी म्हटलं, ‘मग त्याला म्हणावं आमच्या विहिरीत वर ये.’ तू हसलास, आणि त्या दिवशी मीही हसले. त्या दिवसांत मला हसवणारा तू एकटाच होतास रे. हे तुला कधी सांगितलं नाही. कशाला सांगेन, तू डोक्यावर बसला असतास.

आणि समुद्र बघायला गेलो ते? तुझ्या शाळेची कोकणात सहल होती, मला नि सुनंदाला सोबत घेतलंस. बायको नवी होती, तिच्यापुढे मिरवायचं होतं. वाटभर गाडीत पोरांना सांगत होतास, उन्हाळ्यात वारे फिरले की आफ्रिकेच्या किनाऱ्याचा प्रवाहसुद्धा उलटा फिरतो, जगात असं दुसरीकडे इतकं होत नाही, आपला मोसमी वारा समुद्राला वळवतो आणि समुद्र आपल्याला पाऊस देतो. किनाऱ्यावर उतरलो, पोरं धावली, सुनंदा लुगडं वर खोचून पाण्यात गेली, मी गेले. तू कुठं? तू घोटाभर पाण्यात उभा! पुढं यायचं नाव नाही. लाट आली की चार पावलं मागं. आयुष्यभर ज्याच्या गप्पा मारल्या त्याला भिऊन उभा होता माझा भाऊ. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. तू चिडून म्हणालास, ‘ज्याला समिंदर कळतो त्योच भितो.’ सुनंदानं पुढं कितीतरी वर्षं तुला त्यावरून चिडवलं.

आता ती चिडवत नाही. आता ती तुझं नाव काढताना पदर सावरते. तिथंच तर सगळं बिघडलं.

तुला दोष देत नाही, पण सगळं नीट सांगायला हवं, कारण झालं ते तुला ठाऊक नाही.

आपली जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला, तिथं पाणी चढत नाही. खाली श्रीगोंद्यापर्यंत ऊसच ऊस, आणि आपल्याकडे मुरूम. तू डोंगरातल्या राजूरला नोकरीला होतास तेव्हा मी आले होते तुझ्याकडे, तिथं पावसानं अंगावरचे कपडे वाळत नव्हते. तेव्हा म्हणाला होतास, तोच समुद्र, तेच ढग, पण डोंगर आधी घेतात आणि आपल्याला उरलंसुरलं मिळतं. त्या उरल्यासुरल्यावर आपण लिंबं लावली. खड्डे तू काढवून घेतलेस, रोपं मी निवडली. पहिली वर्षं डोक्यावर पाणी वाहून ती जगवली. सुनंदा, मी, आणि किसन, आपल्या बापाच्या वेळेपासूनचा गडी. मग ठिबक आलं, विहीर खोल झाली, बाग उभी राहिली. काष्टीच्या बाजारात आपलं लिंबू बघून लोक विचारायचे, कुणाची बाग ही?

आणि बागायतदाराला जे कळतं ते तुलाही कळत होतं. लिंबाचं झाड सुखात असलं की फळाचं नाव घेत नाही. त्याचं पाणी तोडायचं. जमीन तापू द्यायची. पानं मलूल झाली, पिवळी पडली, थोडी गळली, की समजायचं झाड घाबरलं. मग पाणी सोडायचं, की जीव वाचल्याच्या आनंदात सगळं झाड फुलतं. याला ताण देणं म्हणतात. कमी ताणलं तर नुसता पाला येतो, जास्त ताणलं तर झाडच जातं. हस्ताच्या, म्हणजे पावसाळा सरतानाच्या, बहाराला हल्ली पाऊस मध्येच घुसतो आणि ताण बसत नाही, म्हणून गेली काही वर्षं तू मृगाचा बहार धरायचास. मे महिनाभर बाग ताणावर, आणि मृगाचा पाऊस पडला की ताण तुटायचा. पाऊस कधी येणार, हे तू मोबाईलवर समुद्राचे ते तांबडे-निळे नकाशे बघून ठरवायचास. कधी जमायचं, कधी चुकायचं. चुकलं की म्हणायचास, समुद्र रोज बदलतो तर मी मत बदलू नको का? दर आठवड्याला मत बदलायचास. सोमवारी पाऊस येणार, शुक्रवारी नाही येणार. किसन तर तुला तोंडावर म्हणायचा, ‘सर, तुमचं आन सरड्याचं काय नातं हाय का वो?’ तूच सगळ्यात मोठ्यानं हसायचास.

यंदा मीच म्हटलं होतं, ताण नको. ओसरीवर सगळे बसलो होतो. तू, मी, सुनंदा, किसन, आणि आपले थोरले चुलते तात्या. तू नुकतंच आम्हाला सांगितलं होतंस की तिकडं पॅसिफिकमधला वारा दमलाय. एरवी तो वारा तापलेलं पाणी आपल्या बाजूला, आशियाकडं ढकलत राहतो, आणि अमेरिकेच्या किनाऱ्याला खालून गार पाणी वर येतं. वारा दमला की ढकललेलं पाणी माघारी फिरतं, त्याच्याबरोबर ढगही तिकडंच जातात. मी म्हटलं, ‘मग तूच सांगतोस ना, पाऊस दगा देणार म्हणून? कशाला झाडं टांगणीला लावतोस? यंदा फळ नको. नुसती जगवू.’

‘आक्का, पॅसिफिक एकटा हाय का? आपला हिंदी महासागर हाय ना. आफ्रिकेकडचं पानी तापाय लागलंय, सुमात्राकडचं गार पडाय लागलंय. आसं झालं की त्यो घाटा भरून काढतो.’

‘आणि नाही काढला तर?’

‘काढनार.’

‘तुला काय त्यानं चिठ्ठी धाडलीय?’

मी थांबायला हवं होतं, पण थांबले तर शांता कसली. ‘घोटाभर पाण्यात उतरायची हिंमत नाही आणि बाग समुद्राच्या भरवशावर सोडतोस!’ सुनंदा फसकन हसली. तात्या हसले. तुझं डोकं सटकलं. उठून उभा राहिलास, आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलास, ‘मृगाच्या पावसाबिगर त्या बागंत थेंब पानी सोडायचं न्हाई! मी सांगितल्याबिगर कुनी हिरीची मोटर लावली तर माझ्याशी गाठ हाय!’

झालं. हे सगळ्यांनी ऐकलं. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ पाट ओढून बसलास, आणि शेंगा खाता खाता म्हणालास, ‘पाऊस लांबलाच तर बघू गं आक्का. ताण तोडनं येगळं आन झाडाचा जीव जगवनं येगळं. तेवढं पानी हाय हिरीत.’ हे कुणी ऐकलं? मी एकटीनं. मी म्हटलं, ‘मग ओरडलास कशाला?’ म्हणालास, ‘तू चिडवलंस म्हनून.’

त्यानंतर लवकरच तू गेलास. बसल्या बसल्या, दुपारी, कुणाला काही न सांगता. त्याबद्दल मी लिहीत नाही. लिहिता येत नाही.

दहाव्यापर्यंत बागेत कुणी पाऊल टाकलं नाही. सुतकात बहाराचं पाणी धरत नाहीत, नारळ फोडून धरायचं असतं ते, हे तुलाही माहीत आहे. मी मनात म्हटलं, थोडे दिवस निघतील. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळे झाडावर बसून होते, खाली एक उतरेना. ऊन डोक्यावर आलं. भटजी घाम पुसत होते. एकेक जण पुढं होऊन हात जोडून सांगू लागला. कुणी म्हणालं, पोरीचं शिक्षण पुरं करू. तुझी पोरगी पुण्याहून आली होती, ती रडत म्हणाली, आईला सांभाळीन. कावळा शिवेना. मग तात्या सुनंदाला म्हणाले, ‘बागंत जीव आडकला आसंल पोरी त्याचा. बागंचं काय ते बोल.’ सुनंदा पुढं गेली. हात जोडून म्हणाली, ‘तुमच्या शब्दाबाहेर जानार न्हाई. तुमी सांगितल्यालंच बागंत हुईल. तुमी म्हनला तवाच पानी सुटंल.’

आणि कावळा आला रे. लगेच आला. पिंडाला चोच लावली आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मीसुद्धा सोडला. माझ्या भावाला वाट मिळाली म्हणून मी तिथं वाळूत बसून रडले. घरी येताना डोक्यात प्रकाश पडला की हे काय होऊन बसलं!

मृग निघाला, कोरडा गेला. वारा सुटायचा, ढग यायचे, लांब घाटाकडं काळं दिसायचं आणि इथं धूळ उडायची. मी सुनंदाला म्हटलं, बाई, थोडं पाणी सोडू, तो मला म्हणाला होता, जीव जगवायपुरतं सोडू म्हणून. ती तात्यांकडं वळली. तात्या म्हणाले, ‘शांते, तुझं आन त्याचं भांडान आमी कानानं ऐकलंय. तू पयल्यापास्नंच ताणाच्या इरुद्ध. आता त्यो न्हाई तर त्याच्या नावावर तुझंच म्हननं खपवती व्हय?’ भास्क्या, साक्षीदार एकच होता आणि तो तूच.

आर्द्रा गेल्या. बागेत पाऊल टाकलं की पायाखाली वाळली पानं चुरचुरायची. मी एकदा सरळ विहिरीवर गेले. पाणी होतं रे! विहिरीत पाणी दिसत होतं! स्टार्टरच्या पेटीला हात घातला, तर मागून सुनंदा धावत आली आणि पेटीला पाठ लावून उभी राहिली. ‘आक्का, तुमच्या पाया पडते. त्यांचं एवढं एकच माझ्याजवळ ऱ्हायलंय. ते मोडलं तर मी कुटं जाऊ?’ तिचं कपाळ मोकळं, डोळे सुजलेले, अंगावरचं पातळ चुरगळलेलं. मी तिला बाजूला ढकलायला हवं होतं. तू सांग, तुला जमलं असतं का? मी पेटी बंद केली आणि दोघी घरी आलो. वाटेत ती माझा हात धरून चालत होती.

तुझ्यासारखा नकाशा बघायचाही प्रयत्न केला मी. मोबाईलवर तांबडं, पिवळं, निळं. आफ्रिकेकडं तांबडं होतं खरं, तू म्हणत होतास तसं. पण त्या तांबड्यावरून आपल्या बांधापर्यंतचा हिशोब तुलाच येत होता. मी मोबाईल बंद केला आणि तुला शिव्या घातल्या. शिकवलंस ना आयुष्यभर? मग हे का नाही शिकवलंस की कळून उपयोग काय? सोमालियाचा प्रवाह मला ठाऊक, पेरूचा ठाऊक, वारा का दमतो तेसुद्धा ठाऊक. आणि घरामागं झाडं मरतायत, विहिरीत पाणी आहे, आणि मी ओसरीवर बसलेय. तुझं म्हणणं असायचं, आपली विहीर त्या समुद्राचीच आहे, दोन्ही वेगळे नाहीत. असतील एक. पण समुद्रापुढं आपण काही करू शकत नाही, हे मला मान्य होतं. विहिरीपुढंही करू शकलो नाही, हे मी कुठं मान्य करू?

मला राग कशाचा येतो सांगू? जिवंत होतास तेव्हा तुझ्या शब्दाला या घरात काडीची किंमत नव्हती. तू म्हणावं भाजी तिखट झाली, सुनंदानं म्हणावं मग खाऊ नका. तू म्हणावं उद्या पाऊस, किसननं कांदा वाळत घालावा. आणि तेच बरं होतं! तू बोलायचास, आम्ही हसायचो, तू मत बदलायचास, घर चालायचं. मेलास आणि एका दिवसात तुझा शब्द दगडावरची रेघ झाला. जो माणूस दर आठवड्याला मत बदलायचा त्याचं नेमकं रागाच्या भरात बोललेलं एक वाक्य धरून बसली ही सगळी. तू असतास तर मृगाच्या आठव्या-दहाव्या दिवशी डोकं खाजवत आला असतास, म्हणाला असतास, आक्का, जरा चुकलंच माझं, सोड पाणी. मी म्हटलं असतं, मेल्या, सांगत नव्हते का! बस. एवढंच झालं असतं. एवढ्याच गोष्टीसाठी माणूस जिवंत असावा लागतो.

शेवटी पुनर्वसूत, जुलै लागल्यावर, सुनंदा आपणहून म्हणाली, ‘आक्का, सोडा पानी.’ ती सकाळी बागेत जाऊन आली होती. किसननं मोटर लावली. नारळ कुणी फोडला नाही. पाणी सुटलं, जमिनीनं ते असं पिऊन टाकलं की वर ओलसुद्धा दिसेना. किसननं एका झाडाच्या खोडाला नखानं खरवडलं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. सालीखाली हिरवं निघेना. तो म्हातारा माणूस, आपल्या बापाच्या हाताखाली राबलेला, तिथंच मातीत बसला आणि म्हणाला, ‘सर असते तर शिव्या घातल्या आसत्या वो आक्का.’ आम्ही तरी पाणी देत राहिलो. काही झाडांनी बुडातून कोंब काढले, तेही जळाले. जी थोडी धुगधुगी होती ती सालीतल्या किडीनं संपवली.

आणि मग पाऊस आला. आश्लेषांत, ऑगस्ट लागल्यावर, सुरू झाला तो थांबायलाच तयार नव्हता. ओढा वाहिला. विहीर वरपर्यंत आली. लोक म्हणाले, यंदा उशिरा का होईना पण चांगला झाला. तुझ्या हिंदी महासागरानं घाटा भरून काढला, भास्क्या. तू बरोबर होतास. ऐकतोयस का? मी हरले. इतक्या वर्षांच्या भांडणांत एकदा तुझं खरं झालं आणि मला ते तुझ्या तोंडावर मान्य करायचं होतं, म्हणायचं होतं, जिंकलास बाबा. पण पाऊस वाळल्या फांद्यांवर पडत होता. त्या काळ्या पडल्या, त्यांवर बुरशी आली. सुनंदानं खिडकी लावून घेतली आणि मी ती उघडली नाही.

तुझी बायको ठीक आहे म्हणायची. जेवते, बोलते, कामं करते. माझ्यावर तिचा राग नाही, माझा तिच्यावर नाही. ‘मीच बोलले ना आक्का कावळ्यापुढं,’ असं ती अधूनमधून म्हणते, भाकरी थापता थापता, कुणी विचारलेलं नसताना. मी म्हणते, मी असते तर मीही बोलले असते. ते खोटं नाही. त्या उन्हात, तुझ्यासाठी कावळा बोलवायला, मी काहीही बोलले असते.

तात्या आता बागेकडं जातच नाहीत. रस्ता वळून खालच्या अंगानं जातात.

जेसीबीवाला काल येऊन बघून गेला. म्हणाला, मुळं वरचीवरच आहेत, पटकन निघतील. तो गेल्यावर सुनंदा माझ्यामागं आली. म्हणाली, ‘आक्का, हिरीजवळचं एक झाड किसन म्हनतोय थोडं जितं हाय. ते ठेवू. त्यांच्या हातचं एक तरी झाड ऱ्हाऊ द्या.’ मीही जाऊन बघितलं. खरंच एका फांदीला पानं होती. मला रडू आलं. मी झाडाला हात लावला.

आणि मग नाही म्हणाले.

ते ठेवलं की उद्या ते सरांचं झाड होईल. सुनंदा त्याला सकाळी हात जोडेल. तात्या येता-जाता टोपी काढतील. त्याची फांदी छाटायची तर कुणाचा हात धजणार नाही, त्याला किडीचं औषध मारायचं तर दहादा विचार होईल, आणि त्याला पाणी कधी द्यायचं हे कुणी त्याच्या पानाकडं बघून ठरवणार नाही, तुला काय आवडलं असतं यावर ठरेल. ते असं आमच्या डोळ्यांसमोर, इतकं जीव लावून, पुन्हा मरेल. नको रे बाबा. मी किसनला सांगितलं, तेही काढायचं. सुनंदा रडतेय आत. मी उठून तिच्याजवळ जाते.